सोळा ऑक्टोबरचा चर

असिस्टंट इंजिनिअर सुधाकरराव आमच्या घरी पहिल्यांदा आले ते बाबा गेल्यावर चार महिन्यांनी. बाबांनी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली होती. खडकसांगवीच्या पाण्याच्या टाकीपासून आमचं घर शंभर पावलांवर, आणि टाकीवर साहेब आठवड्यातून तीनदा येत. पण आमच्या गल्लीत त्यांचा पाय कधी वळला नाही. मयतीलाही नाही. मयतीला त्यांनी हार पाठवला होता. चपराशाने तो सायकलच्या हँडलला अडकवून आणला.

त्या दिवशी मात्र जीप थेट दारात उभी राहिली. बरोबर ठेकेदार चंपतराव होते. घरात खुर्ची एकच, बाबांची. सुधाकरराव विचारल्याशिवाय तिच्यावर बसले. चंपतराव खाटेवर टेकले आणि खाट किती मजबूत आहे ते हाताने दाबून पाहू लागले.

"टीचरबाई, तुम्ही नार्नूरहून कधी आल्या?" साहेबांनी विचारलं.

मी नार्नूरच्या मराठी शाळेत शिकवते. "काल," म्हणाले.

"भिवाजीसारखा वर्क इन्स्पेक्टर आता मिळणार नाही. तीस वर्षं एका माणसाने गावाला पाणी पाजलं, काही थट्टा आहे काय?"

"हिरा होता, हिरा," चंपतराव म्हणाले. हेच चंपतराव बाबांना कामावर सगळ्यांसमोर 'कोळसेवाला' म्हणत.

मायने चहा केला. सुधाकररावांनी कप तोंडापर्यंत नेला, ओठ भिजले न भिजले असे केले आणि कप खाली ठेवला. शेजारच्या पाण्याच्या पेल्याला तर त्यांनी बोटही लावलं नाही. ज्या माणसाने उघडलेल्या नळाचं पाणी ते अकरा वर्षं पीत आले, त्याच्या घरचा पेला त्यांना चालत नव्हता. मला राग आला नाही. रागाला समोर निदान एक माणूस लागतो.

मग त्यांनी पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढला. "इथं सही करायची. तुम्ही, आणि आईंचा अंगठा. फॉर्मॅलिटी आहे. यावर दौलतची नोकरी लागते. मयताच्या जागी मुलगा, हा कायदा आहे, पण कायदा पुढे सरकवायला कुणीतरी लागतं ना?"

दौलत माझा धाकटा भाऊ. वय चोवीस, कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर उभा राहतो, तेही हंगामापुरतं. तो दाराशी हात बांधून उभा होता.

मी कागद वाचायला लागले. तो तेलुगूत होता; आमचा जिल्हा आंध्रात, कचेरीची भाषा तेलुगू. सही करायचा कागद कुणी वाचतं याची साहेबांना सवय नसावी. ते खुर्चीत सावरून बसले आणि चंपतराव पंख्याकडे पाहू लागले.

कागदात लिहिलं होतं की आठवडी बाजाराजवळचं सांडपाण्याच्या पाइपचं काम मयत भिवाजी दुर्गे यांच्या देखरेखीखाली झालं. त्या वर्षी ते आजारी असल्याने त्यांच्या हातून दुर्लक्ष झालं, आणि हे त्यांच्या कुटुंबाला मान्य आहे.

हे काम कुठलं, ते सांगायला हवं. आमच्या गावात मागच्या वर्षी नव्या वसाहतीसाठी जमिनीखालून सांडपाण्याची लाइन टाकली. वसाहतीला पाणी देणारी जुनी बिडाची लाइन बाजाराजवळून जाते, तिथं दोन्हीचा छेद होतो. पाणी वर आणि घाण खाली, मध्ये हातभर तरी माती, हा नियम शाळेतल्या मुलालाही पटेल. कारण आमच्याकडे नळ सकाळी तासभर येतो. उरलेले तेवीस तास पाण्याचा पाइप रिकामा असतो, आणि रिकामा पाइप आजूबाजूला जे ओलं असेल ते सांध्यांतून आत ओढतो. पण बाजाराजवळ चर खणताना काळा खडक लागला. खडक फोडायचा कंटाळा आला म्हणून घाणीचा पाइप पाण्याच्या पाइपवरून नेला. वरून माती, मातीवर डांबर. चंपतरावांचं काम साहेबांनी पास केलं आणि मंत्र्यांच्या हस्ते फीत कापली गेली.

यंदा श्रावणात नव्या वसाहतीत कावीळ आली. चाळीस माणसं आजारी पडली. तिथल्या शकुबाईची सून सात महिन्यांची पोटुशी होती, ती गेली. मग रस्ता खोदला आणि सगळ्या गावाने खड्ड्यात डोकावून पाहिलं. आता आदिलाबादहून चौकशी अधिकारी येणार होते. बाबा मे महिन्यातच गेले होते, टाकीवर, व्हॉल्व्ह बंद करता करता. मेलेला माणूस सगळ्यात सोयीचा. तो प्रमोशनच्या रांगेत नसतो.

"हे खरं नाही," मी म्हणाले.

"टीचरबाई, खरंखोटं रजिस्टर सांगतं." सुधाकररावांनी आणखी एक कागद पुढे केला. साइट रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स होती. 'आज रोजी पाइप टाकला, खोली तपासली, योग्य.' खाली बाबांची सही. तिरका भ, आणि शेवटी ती मागे वळणारी रेघ.

हे लिहायलाच हवं, म्हणून लिहिते: त्या क्षणी मी बाबांवर संशय घेतला. मला वाटलं, थकले असतील, दबाव आला असेल, केली असेल सही. साहेबांनी माझा चेहरा बरोबर वाचला.

"ठेवा तुमच्याकडे. शांतपणे विचार करा. शुक्रवारी चौकशी आहे. गेलेला माणूस तर परत येत नाही, त्याला काय फरक पडतो?" जाताना ते मायला म्हणाले, "मुलाचं भलं पाहा, बाई."

जीप गेल्यावर मायने चहाचा भरलेला कप मोरीत ओतला आणि कप दोनदा घासला.

"सही करून टाकतं का वो अक्का?" दौलत म्हणाला. माझ्याकडे न पाहता.

"तुले काय वाटते?"

"मले काय वाटते, काय वाटते! मले नोकरी पायजे असं वाटते. अन् बाबाच्या नावानं कोनी थुंकू नये असंबी वाटते. दोनी वाटते. आता सांग."

मायने कप पालथा ठेवला. त्या आठवड्यात ती नळावर गेली तेव्हा शकुबाईने तिची घागर पायाने बाजूला सारली होती. सगळ्या बायांसमोर म्हणाली होती, "तुह्या बुढ्यानं माही सून मारली. त्याच्या टाकीचं पानी तूच पी." माय रिकामी घागर घेऊन परत आली. आणि मला हे तिने नव्हे, दौलतने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोतीराम आला. मोतीराम बाबांच्या हाताखालचा सगळ्यात जुना मजूर, कुदळ म्हणजे त्याचा तिसरा हात. बाजाराजवळचा चर परत खोदायला त्यालाच लावलं होतं. उंबऱ्याशी उकिडवा बसून त्याने तंबाखू मळली, आणि बराच वेळ मळतच राहिला.

"वयनीबाई," तो मायला म्हणाला, "एक गोष्ट हाय. त्या चरात कोळसा नोता."

माय शेगडीपाशी होती. तिचा हात थांबला.

बाबांचा कोळसा आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. आमचे आजोबा निजामाच्या काळात जमीन मोजणाऱ्यांच्या मागे साखळी धरून चालत. ते लोक हद्दीचा दगड पुरताना खाली कोळसा टाकायचे. दगड कुणी रात्रीतून सरकवला तरी कोळसा जागेवर राहतो. तो कुजत नाही, विरघळत नाही, आणि त्याला कुणी चोरत नाही. बाबांनी ती रीत पाइपला लावली. जो सांधा, जो छेद त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिला आणि पसंत केला, त्यावर माती लोटण्याआधी ते एक ओंजळ कोळसा टाकत. पुढे कधी कुणी खणलं तर काळं दिसताच कुदळ थांबावी, हा एक उपयोग. दुसरा त्यांनी मला एकदाच सांगितला होता: "सही कागदावर करतो ती साहेबासाठी. ही जमिनीसाठी." माय चुलीतले कोळसे विझवून त्यांच्यासाठी डब्यात साठवायची. डबा अजून मोरीजवळ होता, अर्धा भरलेला.

"नीट पाह्यलं का तू?" मी विचारलं.

"बाई, तीस वरसं त्याच्यासंगं खंदून राह्यलो मी. बाजारापासून वीस पावलं इकडं एक सांधा हाय, तिथं कोळसा. पलीकडं चेंबर हाय, तिथं कोळसा. मंधातच नाही. चाळून पाह्यली माती. भिवाजी तिथं नोताच."

"पण सही आहे ना त्यांची."

मोतीराम हसला. त्याने तंबाखू दाढेखाली सरकवली. "सही! टेबलाच्या काचेखाली बलब लावला का साहेबाच्या बापाचीबी सही निंगते."

मग कोण होतं तिथं, हे त्याला विचारलं. तो म्हणाला, तो चर बुजवला त्या दोन दिवसांत आपल्या वस्तीतलं कुणीच कामावर नव्हतं, चंपतरावांनी बाहेरून टोळी आणली होती. "आमी समदे गाडीत होतो ना, चंद्रपूरले."

मी आत जाऊन झेरॉक्स काढली. साहेबांच्या वळणदार अक्षरात तारीख होती: १६-१०-९५.

आदल्या रात्री मी तो कागद उशाशी घेऊन झोपले होते आणि फक्त सही पाहत होते. सोळा ऑक्टोबर! आमच्या वस्तीतलं तान्हं पोर त्या दिवशी कुठं असतं ते कुणीही सांगेल. पंधरा आणि सोळा, दोन दिवस चंद्रपूरची दीक्षाभूमी. छप्पन साली बाबासाहेबांनी तिथं दीक्षा दिली, त्या गर्दीत आमचे आजोबा होते. दरवर्षी वस्ती एक गाडी ठरवते, भाकरी बांधून घेते आणि निघते. बाबांनी तीस वर्षांत रजा घेतली ती फक्त या दोन दिवसांची. ज्वरात गेले, मोतीबिंदूच्या डोळ्याने कामावर गेले, माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह उघडायला गेले. पण सोळा ऑक्टोबरला नाही.

सुधाकररावांनी खोटी तारीख निवडायला सगळं वर्ष मोकळं होतं. पण त्यांना खरीच तारीख ठेवावी लागली, कारण पुढचंमागचं काम रजिस्टरात आधीच चढलं होतं. आणि ती तारीख आमच्यासाठी काय आहे हे अकरा वर्षं शेजारी काम करून त्यांना माहीत नव्हतं. रजेच्या अर्जावर दरवर्षी सही करत होते, तरीही. इतकं न पाहणं साध्या मेहनतीने जमत नाही. त्याला पिढ्या लागतात.

चंद्रपूरहून बाबा दरवर्षी माझ्यासाठी एक पुस्तक आणत. मी दुसरीत होते तेव्हापासून. सुरुवातीला पातळ पुस्तिका, मग जाड ग्रंथ. स्वतः चौथी शिकलेला माणूस पुस्तकांच्या दुकानांपुढे तासभर उभा राहून लोकांना विचारायचा, "शिकलेल्या पोरीले काय चांगलं राह्यते?" पहिल्या पानावर माझं नाव, गाव चंद्रपूर, तारीख, आणि सही. मी जे काही वाचलं त्याची सुरुवात त्या दुकानांपासून आहे.

ट्रंकेतून पंच्याण्णव सालचं पुस्तक काढलं. पहिल्या पानावर सोळा ऑक्टोबर होता. मधल्या पानांत, खूण म्हणून, घडी घातलेला एक कागद. बाबांच्या रजेच्या अर्जाची दुसरी प्रत. बाबा प्रत्येक अर्ज दोन प्रतींत लिहीत आणि एकीवर कचेरीच्या टपालाचा शिक्का मारून घेत. शिक्का नाही तो कागद कागद नाही, असं म्हणत. पंधरा व सोळा ऑक्टोबर, दोन दिवस. खाली लाल शाईत 'मंजूर', आणि सुधाकररावांची आद्याक्षरं.

मी तो कागद हातात घेऊन ट्रंकेपाशी बसून राहिले. त्याला अजून बाबांच्या तंबाखूचा वास येत होता. माय दारात आली, पाहिलं, आणि परत गेली.

गुरुवारी मी आणि दौलत कचेरीत गेलो. चंपतराव तिथंच होते, ते कचेरीतच राहतात की काय असं वाटावं. मी झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि तिच्या शेजारी अर्जाची झेरॉक्स. मूळ कागद मी आणला नव्हता. तेवढं बाबांनी शिकवलं होतं.

सुधाकररावांनी दोन्ही वाचले. त्यांना लाज वाटेल, ते ओरडतील, निदान घाम पुसतील, असं मला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "तारीख लिहिताना चूक झालेली दिसते. पंधरा करून घेऊ."

"पंधरालाही रजा आहे," मी म्हणाले.

"मग सतरा."

"सतराला तिथं डांबर पडलं. तुमच्याच रजिस्टरात असेल."

चंपतराव पुढे झुकले. "तेरा टाका ना साहेब. तेरा काय वाईट आहे?"

"तेराले खडक लागला म्हनून तेरा-चवदा काम बंद," दौलत म्हणाला. तो पहिल्यांदाच बोलला. "बाबा घरी येऊन बोलला होता. खडक फोडा लागते, नाही त वरून नेतीन हे, म्हने. म्हनून मोतीरामकाकाले राखन ठेवतो म्हने. मंग काकाबी गाडीत बसला."

साहेब कॅलेंडरकडे पाहू लागले. खरोखर पाहू लागले, बाजारात वांगी निवडावी तसे. एक बाई मेली होती, एक मूल जन्मण्याआधी मेलं होतं, आणि हा शिकलेला माणूस ऑक्टोबर महिन्यात एखादी मोकळी तारीख शोधत होता. मी लहानपणापासून वाचत आले, पुस्तकांतले दुष्ट लोक मला ठाऊक होते. त्यांच्यात काहीतरी भव्य असतं. याच्यात काहीच नव्हतं. ही फक्त एक सवय होती, पॅंट घालून बसलेली.

"टीचरबाई," शेवटी ते मऊ आवाजात म्हणाले, "चौकशीत हे दाखवाल तर दौलतची फाइल कुठं जाईल माहीत आहे ना? मी काही करणार नाही. फाइल आपोआपच जाते."

मी दौलतकडे पाहिलं. हा प्रश्न माझा नव्हता. माझी नोकरी शाबूत होती, मला फुकटात ताठ राहता येत होतं.

दौलतने टेबलावरचे दोन्ही कागद उचलले, नीट घडी घातली. "जाऊ द्या साहेब," तो म्हणाला. "इथं लागलो असतो त तुमालेच रोज नमस्कार करा लागला असता."

बाहेर येऊन मी तिथंच बाकावर बसून निवेदन लिहिलं, एका पानाचं. दोन प्रती. टपालाच्या खिडकीत कारकुनाने वाचलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि म्हणाला, "दुसऱ्या प्रतीवर शिक्का लागेलच ना? भिवाजीची पोरगी तुम्ही." त्याने शिक्का इतका जोरात मारला की शाई कागदापलीकडे उतरली.

शुक्रवारी चौकशी अधिकाऱ्याने मूळ अर्ज पाहिला, पुस्तकाचं पहिलं पान पाहिलं, मोतीरामची साक्ष घेतली. कोळशाचं मोतीरामने सांगितलं तेव्हा अधिकारी हसले आणि ते लिहून घेतलं नाही. गाडीत कोण कोण होतं ते मात्र लिहून घेतलं, एकेचाळीस नावं.

अहवाल यायला पौष उजाडला. तोवर सुधाकररावांची बदली आदिलाबादला झाली होती, वरच्या जागेवर. दौलतची फाइल आपोआप जिथं जायची तिथं गेली होती. अहवाल साडेतीन पानांचा होता आणि त्यात बाबांबद्दल एकच ओळ होती: 'सदर दिवशी वर्क इन्स्पेक्टर भिवाजी दुर्गे हे मंजूर रजेवर असल्याने कामावर गैरहजर होते.' तीस वर्षं रोज हजर राहिलेल्या माणसाचं नाव 'गैरहजर' या एका शब्दावर बचावलं. नोकरीत असताना कचेरीने त्यांच्याबद्दल एवढं चांगलं कधी लिहिलं नव्हतं.

मायने ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग पदर डोक्यावर घेतला. "चाल," म्हणाली.

"कुठं?"

"शकुबाईकडं."

नव्या वसाहतीत शकुबाई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. आम्हाला पाहून तिने सूप थांबवलं नाही. माय खाली उभी राहिली, वर चढली नाही. "वाच," मला म्हणाली. मी मराठी करून वाचलं. बाबा त्या दिवशी गावात नव्हते, चंद्रपूरला होते, असं सरकारने लिहून दिलं आहे, हेही सांगितलं.

सूप थांबलं. मग सरकून शकुबाईने ओट्यावर जागा केली आणि आतल्या पोराला पाणी आणायला सांगितलं. माय बसली. पाणी आलं तसं ती ते प्याली, सगळं.

"मंग भिवाजी नोता," शकुबाई म्हणाली. "बरं झालं सांगितलं. लय बोलली मी तुले." तिने माझ्या हातातल्या कागदांकडे बोट केलं. "साडेतीन पानं हाये म्हनते. मंग हजर कोन होतं, ते वाच ना बाई."

मी पानं उलटली. हजर असलेल्या कुणाचंही नाव त्यांत नाही हे मला आधीच ठाऊक होतं, तरी शेवटपर्यंत उलटली.